प्रश्न वाचकांचे : मुलांच्या मानसिक गरजा शिकवायच्या कशा?

अध्यापक विद्यालयांतून आणि अंगणवाडी प्रशिक्षणाशी संबंधित वाचकांकडून आलेली बरीच पत्रं एकाच घटकाविषयी होती : ‘बालकाच्या मानसिक गरजा’. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरं इथे देत आहोत. पत्रलेखकांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न : सुरक्षितता, प्रेम, मान्यता, स्वातंत्र्य ही यादी माझ्या छात्राध्यापकांना, म्हणजे शिक्षक व्हायला शिकणाऱ्यांना, तोंडपाठ आहे. पण सराव पाठाला गेले की शेरा तोच : ‘मुलगा फार व्रात्य आहे, लक्ष देत नाही.’ यादीची आणि वर्गाची गाठ कशी घालून द्यावी?
(डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षक पदविकेच्या प्राध्यापिका, मराठवाडा)

यादी नंतर शिकवा, आधी मूल बघायला शिकवा. गरज डोळ्यांना दिसत नाही. दिसतं ते वागणं, आणि त्या वागण्यावरून गरजेपर्यंत पोचायचं तर अंदाजच करावा लागतो. हा अंदाज बांधण्याचा सराव फारसा कोणी करून घेत नाही. म्हणून यादी वहीत राहते आणि वर्गात तोंडावर ‘व्रात्य’ येतं.

प्रत्येक छात्राध्यापकाला एकेक मूल तुम्हीच नेमून द्या. निवड त्यांच्यावर सोडली तर सगळे वर्गातल्या सर्वांत दंगेखोर मुलाभोवती जमतात, आणि गप्प बसणारी मुलं कोणाच्याच वाट्याला येत नाहीत. हजेरीपटावरचं दर पाचवं नाव घेतलं तरी चालेल. त्या मुलाचं निरीक्षण चार वेळा करायचं, दर वेळी दहा मिनिटं : परिपाठाआधी मुलं येत असताना, गणिताच्या किंवा भाषेच्या तासाला, खिचडीच्या वेळी आणि शाळा सुटताना. दहा मिनिटांहून जास्त नको. नवशिका तेवढ्यातच थकतो आणि मग समोर बघून लिहायचं सोडून आठवणीतून लिहायला लागतो. पहिली बैठक हिशेबात धरू नका. मागे कोणी नवं माणूस वही घेऊन बसलं की मुलाचं लक्ष त्याच्याकडेच असतं.

वहीच्या पानावर उभी रेघ मारून दोन भाग करायचे. डावीकडे वेळ आणि जे दिसलं, जे ऐकू आलं तेवढंच. उजवी बाजू शाळेत असेपर्यंत कोरी ठेवायची. डाव्या बाजूला काही शब्दांना बंदी : हट्टी, लाजाळू, आळशी, आगाऊ, हुशार आणि ‘लक्ष वेधून घेण्यासाठी’. यांतला शेवटचा सर्वांत फसवा. तो निरीक्षण असल्यासारखा वाटतो, पण असतो निष्कर्ष. मुलाचं नाव लिहायचं नाही, आद्याक्षर पुरे. फोटो, व्हिडिओ काढायचे नाहीत. वही शिक्षकांच्या खोलीत उघडी पडू द्यायची नाही.

नमुन्यासाठी एक नोंद रचून देतो. तिसरीचा वर्ग, फळ्यावर हातच्याची वजाबाकी :

‘११:०५ – स. पहिलं गणित उतरवतो. एककाखाली ३ लिहितो, खोडतो. ११:०६ – पेन्सिल खाली पडते. बाईंकडे बघतो, मग वाकून उचलतो. ११:०८ – टोक काढायला कोपऱ्यातल्या डब्याकडे जातो. टोक काढलेलंच आहे. ११:११ – शेजारच्याच्या वहीवर रेघ ओढतो. बाई : “काय चाललंय रे तिकडे?” स. हसतो, सरळ बसतो. ११:१२ – वहीत अजून पहिलंच गणित.’

ही नोंद वाचून दाखवा. बरेच जण लगेच म्हणतील, ‘त्याला बाईंचं लक्ष हवंय.’ असेलही. पण त्याला गणित येत नसेल आणि ते न येणं लपवायचं असेल, हेही याच नोंदीत बसतं. टोक आधीच काढलेलं होतं, हा तपशील याच बाजूने बोलतो. पहिल्या शक्यतेत गरज आपलेपणाची आहे, दुसरीत ‘मला जमतं’ असं वाटण्याची. तिसरी शक्यता साधी असते : भूक, अपुरी झोप किंवा मागून फळाच न दिसणं. तिथे मानसशास्त्राच्या आधी डोळे तपासून घ्यावे लागतात. म्हणून नियमच करा : एका नोंदीला किमान तीन शक्यता, आणि त्यांतली एक शारीरिक.

मग प्रत्येक शक्यतेपुढे एकच प्रश्न लिहायचा : हे खरं असेल तर उद्या काय दिसायला हवं? लक्ष हवं असेल तर भाषेच्या तासालाही असंच वागणं दिसेल, आणि बाई मुद्दाम जवळ जाऊन दोन शब्द बोलल्या तर ते कमी होईल. गणित अडत असेल तर बिनहातच्याची पाच उदाहरणं दिल्यावर तो जागेवर बसून ती सोडवेल. फळा दिसत नसेल तर पुढच्या बाकावर बसवल्यावर कळेल. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो तीन-चार दिवस टिकवायचा. एकाच दिवशी जागा बदलली, गणित सोपं केलं आणि वर पाठही थोपटली, तर फरक कशाने पडला हे कळायला मार्ग राहत नाही. बहुतेकांचं चुकतं ते इथेच, कारण गुण देणारे सर बघायला यायच्या आत त्यांना मूल ‘सुधारलेलं’ हवं असतं. बदल करून काहीच फरक पडला नाही, अशी प्रामाणिक नोंद आणणाऱ्यालाही पूर्ण गुण द्या, नाहीतर पुढच्या वर्षी सगळ्याच नोंदी गोड येतील.

यादी शिकवायची ती यानंतर. ती कोणाची, यावर फार वेळ घालवू नका. ब्रिटनमधल्या बालमानसशास्त्रज्ञ मिया केल्मर प्रिंगल यांनी १९७०च्या दशकात चार गरजा मांडल्या : प्रेम व सुरक्षितता, नवे अनुभव, कौतुक व मान्यता आणि जबाबदारी. डेसी आणि रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीत तीन आहेत : आपलेपणा, सक्षमता, स्वायत्तता. प्राथमिकच्या छात्राध्यापकांसाठी आम्हाला प्रिंगल यांची चौकट बरी वाटते, कारण तिच्यात जबाबदारीला वेगळी जागा आहे आणि आपल्या वर्गांत उपासमार होते ती हिचीच. फळा पुसणं, खडू आणणं, वह्या गोळा करणं ही कामं वर्षभर त्याच दोघा-तिघांकडे असतात. वाटल्यास छात्राध्यापकांना आठवडाभर एवढीच नोंद करायला सांगा.

प्रश्न : मॅस्लोचा त्रिकोण शिकवताना मुली विचारतात, ‘म्हणजे पोट भरेपर्यंत बाळाला प्रेमाची गरज नसते का?’ काय सांगावं?
(अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षक, विदर्भ)

मुलींची शंका रास्त आहे. त्रिकोणात तळाला भूक-झोपेसारख्या शारीरिक गरजा, त्यावर सुरक्षितता, मग प्रेम, मग मान आणि टोकाला स्वतःच्या क्षमता फुलवणं, अशा पायऱ्या दाखवतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मॅस्लो यांनी १९४३ साली ही मांडणी केली ती माणसाच्या प्रेरणांविषयी. बालविकासाचा तो सिद्धान्त नव्हे. त्या मूळ लेखात त्रिकोणही नाही, तो पुढे इतरांनी काढला. खालची पायरी शंभर टक्के पूर्ण झाल्याशिवाय वरची सुरूच होत नाही, असं मॅस्लो स्वतःही म्हणत नव्हते. परीक्षेत त्रिकोण येतो, म्हणून शिकवा जरूर. पण जिना म्हणून शिकवू नका. एकाच वेळी चालू असणाऱ्या गरजा म्हणून शिकवा.

याला जोडून मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांचे १९५०च्या दशकातले प्रयोग सांगावेत. विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांनी माकडाच्या पिल्लांना दोन खोट्या आया दिल्या, एक तारेच्या जाळीची आणि एक मऊ कापड गुंडाळलेली. दुधाची बाटली तारेच्या आईला असली तरी पिल्लं पिण्यापुरती तिच्याकडे जात आणि बाकीचा बराच वेळ कापडाच्या आईला बिलगून राहत. पोट आधी आणि माया नंतर, असा क्रम असता तर हे दिसलं नसतं. दोन गोष्टी मात्र सांगायला विसरू नका. हे प्रयोग त्या पिल्लांसाठी क्रूर होते. आणि यावरून ‘फक्त जन्मदात्री आईच हवी’ असं ठरत नाही. बाळाला ओळखीचं, रोज तेच आणि रडल्यावर धावून येणारं माणूस हवं. ते आजीही असू शकतं, वडीलही, आणि दिवसाचे काही तास अंगणवाडीताईसुद्धा.

प्रश्न : ‘मान्यतेची गरज’ शिकवल्यापासून आमचे छात्राध्यापक दर दोन मिनिटांनी ‘शाब्बास, व्हेरी गुड’ करतात, चांदण्या चिकटवतात. मुलंही आता विचारतात, ‘सर, स्टार देणार का?’ हे बरोबर आहे का?

नाही, आणि मुलांनी विचारलेला प्रश्नच त्याचा पुरावा आहे. या विषयावरचा एक प्रयोग छात्राध्यापकांना जरूर सांगा. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली ज्यांना मुळातच स्केचपेनने चित्रं काढायला आवडत होतं. काहींना आधी सांगितलं, ‘चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल.’ काहींना न सांगता नंतर दिलं. काहींना दिलंच नाही. पुढे मोकळ्या वेळात स्केचपेन समोर ठेवले, तेव्हा आधी कबूल करून बक्षीस मिळालेल्या मुलांनी बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढली. ध्यानात घ्या, अचानक मिळालेल्या बक्षिसाने नुकसान झालं नव्हतं. घात केला तो ‘करशील तर देईन’ या कराराने. आणि हे आवडीच्या कामाबद्दल आहे. ज्या कामाची मुलाला मुळीच गोडी नाही, तिथे हाच निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.

वर्गात करायचं काय? ‘शाब्बास’च्या जागी दिसलेली गोष्ट सांगायची. ‘हातचा वर मांडून ठेवलास, म्हणून या वेळी चुकला नाही.’ ‘काल दोन ओळी वाचल्या होत्यास, आज पान झालं.’ अशी दहा वाक्यं छात्राध्यापकाने पाठाच्या टाचणातच आधी लिहून आणावीत. ऐन वेळी सुचत नाहीत.

दुसरं काम मोजणीचं आहे. एका छात्राध्यापकाचा पाठ चालू असताना दुसऱ्याने मागे बसून बाकांचा नकाशा काढायचा. शिकवणाऱ्याने ज्या मुलाला प्रश्न विचारला त्याच्या चौकटीत प्रश्नचिन्ह, कौतुक केलं तिथे अधिक, दटावलं तिथे उणे. तास संपल्यावर नकाशा समोर ठेवायचा, बाकी टिप्पणीची गरज पडत नाही. पुढच्या आणि मधल्या बाकांवर खुणांची गर्दी, आणि कडेच्या बऱ्याच चौकटी कोऱ्या. काही चौकटींत फक्त उणे. पुढच्या पाठाला लक्ष्य एकच ठेवा : कोऱ्या चौकटींतल्या पाच मुलांशी नाव घेऊन बोलायचं. सगळ्या वर्गाचं एकदम उद्दिष्ट ठेवलं की काहीच होत नाही.

प्रश्न : आमची आंतरवासिता (शाळेत राहून करायचं प्रत्यक्ष काम) आदिवासी भागातल्या निवासी आश्रमशाळेत असते. पहिलीत नव्याने आलेली मुलं आठवडेच्या आठवडे रडतात, काही जण अंथरूण ओलं करतात. छात्राध्यापकांना काय शिकवून पाठवू?

सहा वर्षांच्या मुलाचं घर, भाषा, जेवण आणि झोपताना शेजारी असणारं माणूस, सगळं एका दिवसात तुटलेलं असतं. ते रडतं हे ठीकच आहे. काळजी जास्त करायची ती आल्या दिवसापासून अजिबात न रडणाऱ्या, न बोलणाऱ्या, न खेळणाऱ्या मुलाची. निरीक्षणासाठी मुलं नेमताना ती आधी घ्या.

जाण्याआधीची तयारी म्हणजे भाषा. पालघरकडे वारली, मेळघाटात कोरकू, भामरागडकडे माडिया. जी असेल तिच्यातले तीस-चाळीस शब्द वरच्या वर्गातल्या मुलांकडूनच शिकून घ्यायचे. दुखतंय, भूक लागली, शू लागली, भीती वाटते, आई कधी येणार, हे आधी. बडबडगीतं नंतर.

निरोप मुलाच्या डोळ्यांदेखत व्हायला हवा. ‘रडेल म्हणून’ त्याची नजर चुकवून पालकांना मागच्या दाराने काढून देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. ती बंद करण्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही. माणूस न सांगता नाहीसं होतं हे एकदा कळलं की मूल नंतर कुणालाच नजरेआड होऊ देत नाही. पालक पुन्हा कधी येणार तो दिवस कॅलेंडरवर खुणेने दाखवायचा आणि रोज एक चौकट मुलाच्या हातून खोडून घ्यायची. तारीख पक्की नसेल तर मात्र खूण करू नये, खोटी ठरलेली खूण जास्त दुखते. दिवसाचा क्रम चित्रांत भिंतीवर लावायचा. पेटी किंवा खुंटी, काहीतरी एक फक्त त्याचंच असावं, आणि घरून आणलेलं फडकं किंवा खेळणं काढून घेऊ नये. मोठं भावंड त्याच शाळेत असेल तर पहिले काही आठवडे जेवायला आणि झोपायला जवळ ठेवण्याविषयी अधीक्षकांशी बोलावं.

अंथरुणाबाबत : या वयात रात्री शू होणं मुळातच दुर्मीळ नाही, आणि घर सुटल्यावर कोरड्या मुलाचंही पुन्हा सुरू होऊ शकतं. झोपण्याआधी शौचालयाला न्यायचं आणि वाटेवर दिवा असेल हे बघायचं, कारण पुष्कळदा मूल अंधाराला भिऊन उठत नाही. सकाळी गाजावाजा न करता अंथरूण बदलायचं. सर्वांसमोर धुवायला लावणं ही शिक्षाच आहे, आणि शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक त्रासही निषिद्ध आहे. दिवसाही शू होत असेल, जळजळ असेल किंवा तहान फार लागत असेल तर डॉक्टरांना दाखवायला हवं.

एक गोष्ट आंतरवासितेच्या आराखड्यात सहसा नसते : छात्राध्यापकाचं निघून जाणं. ताई-दादा काही आठवडे कडेवर घेतात, मुलं लळा लावून घेतात आणि एका शनिवारी ताई येतच नाही. घरापासून तुटलेल्या मुलाचं हे दुसऱ्यांदा तुटणं असतं. म्हणून पहिल्याच दिवशी सांगायचं, ‘मी अमुक दिवसापर्यंत आहे.’ शेवटच्या आठवड्यात रोज आठवण द्यायची आणि जवळ येणाऱ्या मुलांना तिथल्या कायमच्या कुणाशी तरी, शिक्षिका, अधीक्षिका किंवा स्वयंपाकाच्या मावशी, जोडून द्यायचं. ‘मी लवकरच भेटायला येईन’ असं म्हणायचं नाही. बहुतेक जण येत नाहीत.

प्रश्न : वर्गात ‘बालपणातली भावनिक सुरक्षितता’ यावर चर्चा घेतली आणि एक छात्राध्यापिका घरातली मारहाण सांगताना ढसाढसा रडली. अशी चर्चा टाळावी का?

विषय टाळू नका, पण स्वतःचं बालपण भर वर्गात सांगायला लावणं टाळा. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी मागितल्यावर सांगून मोकळी होते आणि संध्याकाळी वसतिगृहात तिला पस्तावा होतो. रचलेला प्रसंग द्या आणि त्यावर बोलू द्या. स्वतःविषयी लिहायचंच असेल तर ते पान तिचं. तपासायचं नाही, गुण नाहीत, वाचून दाखवायचं नाही. तास सुरू होतानाच सांगून ठेवा की उठून बाहेर गेलं तरी कारण विचारलं जाणार नाही. नंतर एकटीला भेटा, आणि टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मोफत हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ सूचनाफलकावर सगळ्यांसाठीच लावून ठेवा.

प्रश्न : निरीक्षणाच्या काळात मुलाने छात्राध्यापकाला लैंगिक छळाबद्दल काही सांगितलं तर?

शांतपणे ऐकायचं, ‘सांगितलंस हे बरं केलंस’ म्हणायचं आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. खोदून विचारायचं नाही. पुन्हा पुन्हा विचारल्याने मूल गप्प होतं किंवा तपशील बदलतात. मुलाचे शब्द त्याच दिवशी जसेच्या तसे, वेळेसह लिहून ठेवायचे. पॉक्सो (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा) कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार अशी माहिती असलेल्या प्रत्येकावर ती स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला कळवण्याचं बंधन आहे, आणि न कळवणं कलम २१ नुसार गुन्हा आहे. मुख्याध्यापक आणि महाविद्यालय यांना सांगावंच, पण तेवढ्याने आपली जबाबदारी संपत नाही. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर चोवीस तास मदत मिळते. ज्याच्यावर आरोप आहे त्याला बोलावून ‘शहानिशा’ करण्याचा उद्योग शाळेने करू नये. हे सगळं शाळेत पाऊल ठेवण्याआधी शिकवायचं असतं.

प्रश्न : हे सगळं शिकवलं तरी परीक्षेत ‘कोणत्याही चार मानसिक गरजा स्पष्ट करा’ हाच प्रश्न येतो. अंतर्गत परीक्षेत तरी वेगळं काय विचारता येईल?

शंभर-सव्वाशे शब्दांची निरीक्षण नोंद छापा, वर दिली तशी, आणि दहा गुण असे वाटा : नोंदीतली नेमकी वागणूक वेगळी काढणे २, किमान तीन शक्यता ३, त्यांतल्या एकीची पडताळणी कशी कराल ३, शिक्षकाने काय करू नये २. प्रत्येक शक्यता नोंदीतल्या एखाद्या ओळीला बांधलेली हवी, नसेल तर तिचे गुण नाहीत. ‘पालकांचं लक्ष नाही’ हे उत्तर हमखास येतं. नोंदीत पालक कुठेच नसतील तर त्याला शून्य.

प्रश्न : सराव शाळा मिळायला उशीर होतोय. तोवर छात्राध्यापकांनी घरच्या भाच्याचं किंवा धाकट्या बहिणीचं निरीक्षण केलं तर चालेल का?

डाव्या बाजूची नोंद लिहायचा सराव म्हणून चालेल, गुणांसाठी नको. घरच्या मुलाविषयी मत आधीच झालेलं असतं, आणि वही आईच्या हाती पडली की भाच्याला बोलणी बसतात. त्यापेक्षा गावातल्या अंगणवाडीत ताईंची परवानगी काढून मुलांना आणून सोडायच्या वेळेची पंधरा मिनिटं बघायला सांगा. कोण आईचा पदर सोडत नाही, कोण मागे वळूनही बघत नाही आणि ताई कोणाला काय म्हणतात, यात पहिल्या दोन आठवड्यांना पुरेल इतकं काम मिळतं.